बारदानाचा हिशेब

बाजारपेठेच्या भाषेत ‘बारदान’ हा शब्द मोठा नेमका आहे. पोते, खोके, डबा, पेटी, बरणी अशी जी जी वस्तू मालाला सामावून घेते, परंतु स्वतः माल नसते, ती बारदान होय. वजन करताना बारदान वजा होते आणि उरते ते मालाचे निव्वळ वजन. मात्र वजनातून वजा झालेले बारदान जुन्या पेढ्यांवर हिशेबातून वजा होत नसे. रिकामी पोती मोजून त्यांचे गठ्ठे बांधले जात, उसवलेली पोती सुतळीने शिवली जात, तेलाचे डबे धुऊन पुन्हा उपयोगात येत. बारदानालाही किंमत आहे आणि ती किंमत मालाबरोबर मोजून दिलेली आहे, याची जाणीव त्या व्यवहारात होती.

आज बारदान पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक येते. दुकानात रोज खोकी फुटतात, घरी पार्सले येतात, दिवाळीत सुक्या मेव्याचे आणि मिठाईचे देखणे डबे जमतात, लग्नसराईत तर निमंत्रणपत्रिकाही खोक्यातून येतात. ही सारी सामग्री फेकवत नाही आणि ठेवायला जागाही नसते. अशा वेळी ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा मंत्र आठवतो. सुटीतील शिबिरे, शाळांची प्रदर्शने, महिला मंडळांच्या स्पर्धा यांत त्या नावाखाली पुष्कळ वस्तू तयार होतात. परंतु या शब्दद्वयाचे दोन्ही भाग तपासून पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते.

एका साध्या पेन्सिलस्टँडचे उदाहरण घ्यावे. त्यासाठी घेतलेला पुठ्ठा स्वच्छ आणि कोरडा होता. त्याला रद्दीत भाव होता, म्हणजे तो टाकाऊ नव्हताच. त्यावर नवी चमकी, नवी साटीनची फीत, नवे आरसे आणि गरम गोंदाच्या कांड्या लागल्या. बाजारात तयार मिळणाऱ्या स्टँडपेक्षा खर्च अधिक झाला. प्रदर्शनात त्याचे कौतुक झाले आणि महिन्याभरात फीत सुटून तो कचऱ्यात गेला, म्हणजे तो टिकाऊही नव्हता. आता त्या पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकची चमकी चिकटलेली असल्याने रद्दीवालाही त्याला हात लावत नाही. जमेच्या बाजूची वस्तू कौतुकाच्या भरात नावे पडली.

म्हणून कोणतीही हस्तकला हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ही वस्तू घरात किंवा दुकानात खरोखर वापरली जाईल काय? दुसरा, ती करण्यासाठी नवे किती विकत घ्यावे लागेल? आणि तिसरा, तिचा उपयोग संपल्यावर तिच्यातील कागद कागदाकडे, पत्रा पत्र्याकडे आणि प्लॅस्टिक प्लॅस्टिककडे परत जाऊ शकेल काय? या तिन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या काही वस्तूंची कृती पुढे दिली आहे.

खोक्याचे बळ कशात असते?

पॅकिंगच्या खोक्याचा पुठ्ठा एकसंध नसतो. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटविला की तीन प्लायचा पुठ्ठा होतो. नागमोडी थर दोन आणि सपाट थर तीन असले की तो पाच प्लायचा. या नागमोडी कागदाचा इतिहास गमतीचा आहे. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. मालाच्या वेष्टनासाठी त्याचा उपयोग १८७१ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. काचेच्या बाटल्या आणि कंदिलांच्या काचा त्यात गुंडाळल्या जात. ज्या फुग्यांच्या प्लॅस्टिक कागदात आज काचसामान येते, तो तर १९५७ मध्ये भिंतीवर लावायचा शोभेचा कागद म्हणून तयार झाला होता. भिंतीवर तो कोणाला रुचला नाही, पॅकिंगमध्ये मात्र जगभर गेला. एका कामासाठी आलेली वस्तू दुसऱ्या कामात अधिक शोभते, हे या दोन्ही वस्तूंच्या जन्मकथेतच आहे.

पुठ्ठ्याचे बळ त्या नागमोडी नळ्यांच्या दिशेत असते. मुलांना हे सांगण्यापेक्षा करून दाखवावे. एकाच खोक्यातून दहा सेंटिमीटर उंच आणि चाळीस सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापाव्यात. एका पट्टीत नळ्या उभ्या असाव्यात, दुसरीत आडव्या. दोन्ही पट्ट्या दर दहा सेंटिमीटरवर दुमडून त्यांची टोके कागदी चिकटपट्टीने जोडली की दोन चौकोनी नळकांडी तयार होतात. ती उभी करून त्यांवर एकेक जाड पुस्तक ठेवीत जावे. आडव्या नळ्यांचे नळकांडे आधी दबते, उभ्या नळ्यांचे अधिक पुस्तके पेलते. खोके उलटसुलट रचले तर गोदामात थप्पी का कोसळते, याचे उत्तर दहा वर्षांच्या मुलाला या प्रयोगातून मिळते.

हे कळल्यावर पहिली उपयुक्त वस्तू करावी, ती म्हणजे खणांची पेटी. काचेच्या बाटल्यांच्या खोक्यात जशी जाळी असते, तशीच ही रचना आहे आणि तिला गोंदाचा एक थेंबही लागत नाही. आतून तीस सेंटिमीटर लांब, वीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असे खोके घ्यावे. दुसऱ्या पुठ्ठ्यातून दहा सेंटिमीटर उंचीच्या तीन पट्ट्या कापाव्यात: तीस सेंटिमीटरची एक आणि वीस सेंटिमीटरच्या दोन. तिन्हींत नळ्या उभ्या ठेवाव्यात. लांब पट्टीवर दहा आणि वीस सेंटिमीटरवर वरच्या कडेपासून पाच सेंटिमीटर खोल खाचा द्याव्यात. आखूड पट्ट्यांच्या मधोमध खालच्या कडेपासून तितक्याच खोल खाचा द्याव्यात. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. जास्त झाली तर जाळी डुगडुगते, कमी झाली तर पुठ्ठा फाटतो. खाचा एकमेकींत बसविल्या की सहा समान खण तयार होतात.

अशा पेटीत घरी सुया, दोरे आणि बटणे राहतात, तर दुकानात शिक्के, रबरे, पिना आणि सुटी नाणी. वह्या-पावत्यांसाठी खोके उंच घ्यावे आणि खण महिन्यांप्रमाणे पाडावेत. मार्चअखेरीस एक बिल शोधण्यासाठी सारी फाइल उपसावी लागते, त्या घरात या पेटीची किंमत लगेच कळेल. तिचा उपयोग संपला की पट्ट्या उपसून खोके सपाट करावे. सारा पुठ्ठा जसाच्या तसा रद्दीत जातो.

मुलांसाठी तराजू

टाकून दिलेल्या वस्तूंतून शिकविण्याच्या कामी महाराष्ट्राला एक मोठा वारसा लाभला आहे. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांपासून भूमितीचे आकार घडविण्याची सोपी रीत दाखविली. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. कागद, बाटल्या, झाकणे आणि काड्या यांपासून केलेली त्यांची शेकडो खेळणी देशभरातील शाळांत पोहोचली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या खेळण्यांचा विशेष असा की ती शोभेसाठी नसतात. प्रत्येक खेळणे काहीतरी करून दाखविते, आणि मोडले तरी हळहळ वाटत नाही, कारण ते पुन्हा करता येते.

व्यापारी घरातील मुलाने करावे असे पहिले खेळणे म्हणजे तराजू. आज दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो. आकडा दिसतो, परंतु तोलणे दिसत नाही. त्यासाठी कपडे टांगण्याचा एक हँगर, मिठाईच्या डब्यांची सारख्या आकाराची दोन झाकणे आणि पार्सलाची सुतळी पुरे. प्रत्येक झाकणाला काठाशी सारख्या अंतरावर तीन भोके पाडावीत. तीन समान लांबीच्या सुतळ्या ओवून त्या वर एकत्र बांधाव्यात. ही पारडी हँगरच्या दोन टोकांना लटकवावीत. सुतळी घसरू नये म्हणून टोकांना खाच करावी किंवा तेथे चिकटपट्टीचा वेढा द्यावा. हँगर खिळ्याला अडकविला की तराजू तयार.

तो प्रथम बहुधा एका बाजूला कलेल. तेव्हा हलक्या पारड्याला कागदाचा कपटा चिकटवून दांडी समतोल करावी. नंतर वजने करावीत. एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते आणि औषधाच्या बाटलीवरील मापाच्या टोपणात दहा मिलिलिटर पाणी मोजता येते. परंतु पाणी बाटलीत भरावे लागते आणि बाटलीलाही वजन असते. मग करायचे काय? तशीच दुसरी रिकामी बाटली समोरच्या पारड्यात ठेवायची. भांड्याच्या वजनाइतके वजन समोर ठेवून तोल साधण्याच्या या रीतीला बाजारात ‘धडा करणे’ म्हणतात. दुकानातील शब्द आणि शाळेतील शब्द एकच आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. बारदान वजा करणे म्हणजे काय, हे एकदा हाताने केलेले मूल आयुष्यभर विसरत नाही.

दहा, वीस आणि पन्नास ग्रॅमच्या पाण्याच्या बाटल्या तयार झाल्या की घरातील वस्तू तोलाव्यात. बिस्किटांच्या पुड्यावर छापलेले वजन हे निव्वळ मालाचे असते. वेष्टन त्यात धरलेले नसते. मुलाने पुडा आधी वेष्टनासह आणि मग वेष्टनाशिवाय तोलून पाहावा. हा तराजू ग्रॅमाचा बारीक फरक दाखविणार नाही, परंतु भारी डौलदार डब्यातील मिठाईचे वजन किती आणि डब्याचे किती, हे तो चोख सांगेल. वस्तू घेताना माल पाहावा की वेष्टन, याचा निर्णय ज्याचा त्याला करता येईल.

येथे पालकांना एक विनंती आहे. शाळेचा प्रकल्प आला की अनेक घरांत तो आई-वडील रात्री बसून पूर्ण करतात, किंवा स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रतिकृती आणतात. गुण मिळतात, परंतु मुलाच्या हाती काही लागत नाही. मुलाने कापलेली रेषा वाकडी येईल, खाच मोठी होईल, पारडे कलेल. ते कलू द्यावे. धारदार कटर मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नये. लांब, सरळ काप मोठ्यांनी पट्टी धरून द्यावेत. आखणे, दुमडणे, जोडणे आणि तोलणे मुलांनी करावे. घडी सरळ यावी म्हणून आधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधारे रेघ दाबून घ्यावी, मग दुमडावे.

मोठ्यांसाठी पट्टीची टोपली आणि तागाची पिशवी

मोठ्या खोक्यांना आणि गठ्ठ्यांना बांधलेली प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी हा दुकानातील सर्वांत दुर्लक्षित पदार्थ आहे. ती सहजी तुटत नाही, पाण्याने खराब होत नाही आणि फेकली तर पायात अडकते. तिची उत्तम टोपली विणता येते. सुमारे बारा मिलिमीटर रुंदीच्या पट्टीचे पन्नास सेंटिमीटरचे अठरा तुकडे आणि पंचावन्न सेंटिमीटरचे आठ तुकडे घ्यावेत. सारी मिळून साडेतेरा मीटर पट्टी पुरते.

नऊ उभे आणि नऊ आडवे तुकडे मधोमध एक वर, एक खाली असे चटईसारखे विणावेत. अकरा सेंटिमीटरचा चौकोनी तळ तयार होईल. चारही बाजूंची मोकळी टोके तळाच्या कडेने वर दुमडावीत. आता पंचावन्न सेंटिमीटरचा एकेक तुकडा भोवती फिरवून, उभ्या पट्ट्यांच्या आतून-बाहेरून ओवीत न्यावा आणि त्याची दोन टोके एकमेकांवर चढवून उभ्या पट्ट्यांमागे लपवावीत. दुसऱ्या फेरीत आत-बाहेरचा क्रम उलटा करावा. पहिल्या दोन फेऱ्यांत कोपरे सुटू पाहतात. कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावले की ते जागेवर राहतात. आठ फेऱ्या झाल्यावर उभी टोके शेवटच्या फेरीवरून दुमडून खालच्या फेऱ्यांत खोचावीत. कांदे-बटाटे न आणणाऱ्या घरात तिच्यात लिंबे, सुके खोबरे किंवा गल्ल्यावरच्या चाव्या ठेवता येतील. ज्यांचे हात विणकामाला सरावलेले आहेत, त्या आजींना हे काम एका दुपारचे आहे आणि नातवंडांना शिकविण्याजोगेही आहे.

धान्याचा व्यापार करणाऱ्यांकडे तागाची पोती असतात. सरकारी धान्यखरेदीत वापरल्या जाणाऱ्या पन्नास किलोच्या पोत्याचे प्रमाणित वजन ५८० ग्रॅम आहे. म्हणजे शंभर पोत्यांमागे अठ्ठावन्न किलो ताग. रफू करूनही धान्यासाठी उपयोगी न पडणाऱ्या पोत्यातून दोन भक्कम पिशव्या होतात. पोते उघड्यावर झटकून, धुऊन, कडक उन्हात वाळवावे. मधोमध आडव्या रेषेच्या दोन्ही अंगांना शिलाई मारून घ्यावी आणि मगच त्या दोन शिलायांमधून कापावे, नाहीतर ताग उसवत जातो. खालच्या अर्ध्याचा तळ आधीच शिवलेला असतो, त्याचे फक्त तोंड दुमडून शिवायचे. वरच्या अर्ध्याचे तोंड आधीच तयार असते, त्याचा फक्त तळ शिवायचा. जुन्या बॅगेचे पट्टे लावले की काम झाले. भाजीबाजारासाठी अशी पिशवी वर्षानुवर्षे चालते.

काही पथ्ये

खते, कीटकनाशके किंवा रसायने आलेली पोती, डबे आणि खोकी घरकामात मुळीच वापरू नयेत. धुऊनही ती निर्धोक होतात असे नाही. वर्तमानपत्राच्या पिशव्या सुट्या वस्तूंसाठी उत्तम, परंतु फरसाण किंवा मिठाई त्यांत देऊ नये. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून २०१८ च्या अन्नवेष्टन नियमांनुसार वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे.

सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातून आलेले थर्माकोल कापून, रंगवून मखर करण्यापेक्षा ते अखंडच ठेवावे आणि काचसामान हलविताना पुन्हा वापरावे. ते जाळू नये, तापलेल्या तारेने बंद खोलीत कापूही नये. त्याचा धूर अपायकारक असतो.

गोंदाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. परंपरेने पुठ्ठाकामात वापरला जाणारा सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. ज्या घरांत असा पदार्थ वर्ज्य आहे, तेथे कृत्रिम पांढरा गोंद किंवा मैद्याची खळ वापरावी. खळ लागेल तेवढीच, त्या दिवसापुरती करावी. साठवून ठेवली की तिला वास येतो आणि जीवजंतू होतात. जाड थर लावून ओला पुठ्ठा कपाटात ठेवला तरी तेच होते. म्हणून वस्तू उन्हात पूर्ण वाळवूनच आत घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे खाचेची, घडीची किंवा शिलाईची जोडणी, कारण ती उद्या सोडविता येते.

रिकाम्या खोक्यावर कोणाचा हक्क?

हस्तकलेच्या उत्साहात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. पुष्कळ दुकानांत रिकामी खोकी आणि पट्ट्या विकून येणारे पैसे दुकानातील मदतनिसाचे असतात. वहीत त्याची नोंद नसते, परंतु महिन्याच्या त्याच्या हिशेबात ती रक्कम धरलेली असते. मालकाच्या घरातील मुलांनी सुटीत दहा चांगली खोकी उचलली, तर ती त्याच्या खिशातून जातात. म्हणून खोके घेण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि फाटलेले, छपाई बिघडलेले, रद्दीत कमी भावाचे खोके निवडावे. उरलेली खोकी सपाट, कोरडी आणि तेलाच्या डागांपासून दूर ठेवली, तर त्याला भावही चांगला येतो. देशात तयार होणाऱ्या कागदाचा मोठा भाग रद्दीपासूनच होतो. तेलकट किंवा भिजलेला पुठ्ठा गिरणीच्या कामाचा राहत नाही.

साठ्यालाही मर्यादा हवी. ‘कधीतरी कामी येईल’ म्हणून माळ्यावर चढविलेली खोकी वर्षभरात वाळवी आणि झुरळांचे घर होतात. घरात कलासाहित्यासाठी एकच खोके ठेवावे. ते भरले की नवे आत येण्यापूर्वी जुने बाहेर जावे. दर तीन महिन्यांनी त्यातील जे वापरले गेले नाही, ते त्या मदतनिसाच्या किंवा रद्दीवाल्याच्या हवाली करावे. बारदान साठविणे म्हणजे काटकसर नव्हे. ते योग्य वेळी योग्य हाती पोहोचविणे ही काटकसर आहे.

येत्या सुटीत एखाद्या रविवारी घरातील तीन पिढ्यांनी एका खोक्याभोवती बसावे. आजोबांनी बारदानाचे जुने व्यवहार सांगावेत, मुलांनी पारडी बांधावीत, आईने टोपलीचा तळ विणून द्यावा. संध्याकाळी जे तयार होईल ते कपाटात शोभेला न ठेवता दुसऱ्याच दिवशी वापरात आणावे. पहिले वजन कोणत्या वस्तूचे करायचे, ते मात्र मुलांनीच ठरवावे.